सिंकखालचा गळका अँगल कॉक बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंकखालच्या कॉकचे काम नेमके काय असते?

भिंतीतून येणारी पाण्याची लाइन आणि सिंकवरचा नळ यांच्यामध्ये जो छोटा, काटकोनी व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्याला बहुतेक ठिकाणी अँगल कॉक म्हणतात. रोज पाणी सुरू-बंद करणे हे त्याचे काम नाही. नळ बिघडला, कॉक आणि नळ यांना जोडणारा कनेक्शन पाइप फुटला किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र काढायचे असले, तर घरातील इतर ठिकाणचे पाणी चालू ठेवून फक्त त्या एका जागेचे पाणी तोडता यावे, यासाठी तो असतो. म्हणून बाहेरून कोरडा दिसणारा, पण पूर्ण बंद केल्यावरही नळातून धार येऊ देणारा कॉक निकामीच समजावा, कारण ज्या प्रसंगासाठी तो बसवला आहे त्या प्रसंगी तो उपयोगी पडणार नाही.

थेंब थेंबच गळते आहे. काही दिवस खाली भांडे ठेवून चालेल का?

दोन-चार दिवस चालेल, पण त्याची सवय होऊ देऊ नये. सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसाला सुमारे चार लिटर पाणी जाते. भांड्यात जमणारे पाणी निदान डोळ्यांना दिसते. भिंतीच्या बाजूने पाझरणारे पाणी मात्र प्लास्टरमध्ये आणि कपाटाच्या लाकडी पाठीत मुरते. प्लायवूड फुगून त्याचे थर सुटू लागतात, बुरशी धरते आणि वास येऊ लागतो, तोपर्यंत गळती बरीच जुनी झालेली असते. शिवाय कॉकच्या धातूला चीर गेली असेल, तर ती रुंदावण्याचा वेग आपल्या हातात नसतो.

गळती नेमकी कुठून आहे, हे कसे ओळखावे?

या प्रश्नावर जितका वेळ द्यावा तितका थोडा, कारण चांगला कॉक काढून फेकला आणि गळती तशीच राहिली, असे पुष्कळदा चुकीच्या निदानामुळेच घडते. पाणी उताराकडे जाते आणि थेंब सर्वांत खालच्या टोकाला लटकतो, त्यामुळे थेंब दिसतो ती जागा आणि पाणी निघते ती जागा एकच असेल, असे गृहीत धरू नये.

आधी कॉक, कनेक्शन पाइप, नळाखालचा भाग आणि सांडपाण्याचा पाइप हे सर्व कोरड्या कापडाने नीट पुसून घ्यावे. मग कागदी रुमालाचे छोटे तुकडे एकेका सांध्यावर वरून खाली या क्रमाने टेकवत जावे. कागद जिथे सर्वांत आधी ओला होतो, तिथे गळतीचे मूळ असते. वरचा नळ बंद असतानाही ओल येत असेल तर दोष दाबाखालच्या भागात, म्हणजे कॉक किंवा कनेक्शन पाइपमध्ये आहे. सिंकमध्ये पाणी सोडल्यावरच ओल येत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा सिंकची जाळी तपासावी. कॉकच्या सर्व अंगावर बारीक दवासारखे थेंब दिसत असतील आणि हवा दमट असेल, तर ते थंड धातूवर हवेतील बाष्प साचल्यामुळेही असू शकतात. अशा वेळी पुसल्यानंतर संपूर्ण पृष्ठभाग एकाच वेळी पुन्हा ओलसर होतो, एका बिंदूपासून ओल पसरत जात नाही.

खुद्द कॉकमध्ये गळतीच्या जागा मोजक्याच असतात. मूठ ज्या दांडीवर बसते त्या स्पिंडलच्या मुळाशी पाणी येत असेल तर आतले पॅकिंग किंवा रबरी रिंग झिजलेली असते. कनेक्शन पाइपच्या नटापाशी येत असेल तर पाइपच्या टोकातील वॉशर दबलेला किंवा कडक झालेला असतो. भिंतीलगतच्या गोल चकतीमागून येत असेल तर कॉक आणि लाइन यांमधील आट्यांचा सांधा सैल किंवा गंजलेला असतो. ही चकती केवळ शोभेसाठी असते आणि गळती लपवण्याचे काम ती फार चोख करते, म्हणून तपासताना ती पुढे सरकवून मागे पाहावेच. धातूच्या अंगावरच पाणी फुटत असेल आणि तिथे तांबूस डाग व पांढरट खर दिसत असेल, तर पितळातील जस्त पाण्यात निघून जाऊन मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरले आहे असे समजावे. अशा कॉकला कोणतीही दुरुस्ती नाही.

कॉक न बदलता गळती थांबू शकते का?

काही वेळा नक्की थांबते. जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे फिरणाऱ्या कॉकमध्ये स्पिंडलच्या मुळाशी एक षटकोनी ग्लँड नट असतो. तो पान्याने फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव फेरा आवळला की पॅकिंग दबते आणि पाझर बंद होतो. तेवढ्याने न थांबल्यास पाणी बंद करून, नट काढून, नवे पॅकिंग भरता येते. कनेक्शन पाइपच्या नटापाशी गळत असेल तर केवळ वॉशर किंवा पाइप बदलून भागते.

भिंतीकडच्या सांध्यातून गळती असेल, तर पाणी चालू असताना कॉक आणखी आवळून पाहण्याचा मोह टाळावा. क्वचित त्याने थेंब थांबतो, पण गंजलेला निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा) त्याच क्षणी तुटला तर थेंबाच्या जागी पूर्ण धार सुरू होते. बाहेरून लावायच्या चिकट लांबीबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. दाबाखालच्या सांध्यावर तिचा भरवसा धरू नये. ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंतची सोय आहे.

नवा कॉक निवडताना काय पाहावे?

सर्वांत आधी आट्यांचा आकार आणि प्रकार. सिंकखालची लाइन बहुधा अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरची असते. हा आकडा पाइपच्या आतल्या पोकळीच्या नाममात्र मापाचा आहे. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर तो सुमारे २१ मिलिमीटर भरतो, आणि त्यावरून अनेकजण पाऊण इंची कॉक घेऊन येतात. जगात पाइपच्या आट्यांच्या दोन मुख्य पद्धती आहेत : ब्रिटिश पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर अमेरिकी पद्धतीत ६० अंशांचा. अर्धा इंची मापात दोन्हींचे इंचाला १४ आटेच असल्यामुळे एका पद्धतीचा कॉक दुसऱ्या पद्धतीच्या लाइनमध्ये काही फेरे शिरतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण तो सांधा खात्रीने पाणबंद होत नाही. म्हणून शक्य असल्यास जुना कॉक काढून सोबत नेणे आणि आटे शेजारी धरून पाहणे हाच उत्तम उपाय आहे. कॉकच्या भिंतीकडच्या टोकाला बाहेरून आटे हवेत की आतून, हेही तेव्हाच कळते. भिंतीत एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) बसवलेला असेल तर बाहेरून आटे असलेला कॉक लागतो, आणि भिंतीतून निपल बाहेर आलेला असेल तर आतून आटे असलेला. पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाचे मापही आपल्या कनेक्शन पाइपशी जुळते का, ते पाहावे.

दुसरी निवड यंत्रणेची. अनेक फेरे फिरणाऱ्या कॉकमध्ये रबरी वॉशर बैठकीवर दाबला जाऊन पाणी थांबते. पाव फेऱ्याच्या कॉकमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात किंवा भोक असलेला गोळा फिरतो. मी स्वतः पाव फेऱ्याचा कॉक सुचवेन. तो वर्षानुवर्षे न हलवताही सहसा अडकून बसत नाही, आणि लांब दांडीची मूठ असेल तर तो उघडा आहे की बंद हे पाहताक्षणी समजते. मात्र गाळ किंवा वाळू येणाऱ्या पाण्यात सिरॅमिक चकत्यांवर ओरखडे पडतात, तिथे वॉशर बदलता येणारा साधा कॉक अधिक टिकतो.

तिसरी गोष्ट धातूची. पितळाचा कॉक हातात जड लागतो आणि त्याच्या भिंती जाड असतात. चकचकीत मुलामा दिलेले हलके जस्तमिश्रधातूचे कॉक दिसायला तसेच असतात, पण त्यांचे आटे लवकर तुटतात. पिण्याच्या पाण्यासाठी कॉक वापरणार असाल, तर तो त्या कामासाठी प्रमाणित केलेला आणि कमी शिशाच्या पितळाचा असावा.

पाणी कुठून बंद करावे आणि ते खरोखर बंद झाले याची खात्री कशी करावी?

काढायचा कॉक हाच त्या जागेचा शेवटचा अडसर असल्याने त्याच्या मागे असलेला व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. तो त्या खोलीचा, मजल्याचा, टाकीतून खाली येणाऱ्या पाइपचा किंवा मीटरजवळचा मुख्य व्हॉल्व्ह असू शकतो. बंद केल्यानंतर त्याच सिंकचा नळ उघडावा, आणि त्या लाइनवरचा घरातील सर्वांत खालचा नळही उघडावा, म्हणजे पाइपमध्ये साचलेले पाणी निघून जाईल. सुरुवातीला धार येईल, मग ती बारीक होईल आणि शेवटी थांबेल. पाच-दहा मिनिटे थांबूनही थेंब चालूच राहिले, तर मागचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही असा त्याचा अर्थ होतो.

नळ उघडला आणि पाणी आले नाही, एवढ्यावर विसंबून कॉक फिरवायला घेऊ नये. नळाच्या जाळीत कचरा अडकला असेल तरी पाणी येत नाही, मग मागे पूर्ण दाब असला तरी. म्हणून आधी कनेक्शन पाइप कॉकपासून सोडवून, खाली बादली धरून, जुना कॉक उघडून पाहावा. तिथून काहीच आले नाही, तरच लाइन मोकळी आहे असे मानावे.

लाइन गरम पाण्याची असेल तर पाणी तापवण्याच्या यंत्राची वीज आधी बंद करावी आणि पाणी थोडे निवू द्यावे. टाकीतले पाणी निघून गेले आणि कॉइल चालू राहिली, तर ती जळते. सिंकखाली विजेचा प्लग असेल तर त्याचाही पुरवठा तोडूनच काम सुरू करावे.

मुख्य व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. तरी काम करता येईल का?

थोडे थेंब येत असतील तर बादली ठेवून काम होते, फक्त आटे कोरडे ठेवण्यासाठी जास्त दक्ष राहावे लागते. बारीक धार येत असेल तर आधी मुख्य व्हॉल्व्ह दुरुस्त करावा. पूर्ण दाबाच्या लाइनवर झटपट कॉक बदलण्याचा प्रकार काहीजण करतात. तो करू नये. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब सुमारे १ बार होतो, आणि १५ मिलिमीटरच्या तोंडावर त्याचा जोर पावणेदोन किलोंच्या आसपास असतो. हाताने तो रोखता येतो, पण एका हाताने तोंड दाबून दुसऱ्या हाताने आटे जुळवणे शक्य नसते, आणि मिनिटभरात एकाहून अधिक बादल्या पाणी कपाटात उतरते. खबरदारी म्हणून लाइनच्या मापाचा एक बंद डट्टा मात्र जवळ ठेवावा. कॉक निघाल्यानंतर काही अडले, तर डट्टा लावून बाकी घराचे पाणी चालू करता येते.

कोणती अवजारे लागतात?

दोन स्क्रू पाने, टेफ्लॉन टेप, तारेचा छोटा ब्रश, बादली, जुने कापड आणि टॉर्च. दोन पाने कशासाठी, ते पुढच्या उत्तरात येईल.

जुना कॉक कसा काढावा?

कनेक्शन पाइपचा नट सोडवताना एका पान्याने कॉकचे अंग धरून ठेवावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा. असे न केल्यास नटावरचा जोर कॉकमार्गे भिंतीतल्या सांध्यावर जातो, आणि जो सांधा अजून हलवायचा नव्हता तोच हलतो. पाइप सुटल्यावर त्यात राहिलेले पाणी बादलीत घ्यावे.

त्यानंतर कॉकच्या चपट्या कडांवर पाना बसवून, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, हळूहळू वाढत जाणारा जोर लावावा. झटका देऊ नये. भिंतीतून निपल बाहेर आलेला असेल तर दुसऱ्या पान्याने निपल घट्ट धरावा. कॉक हलत नसेल तर सांध्यावर गंज सैल करणारे तेल टाकून अर्धा तास थांबावे, मग किंचित आवळण्याच्या दिशेने आणि लगेच सोडण्याच्या दिशेने, असा आलटून पालटून प्रयत्न करावा. गंजाची पकड अशाने तुटते. लाइन सीपीव्हीसीची किंवा इतर प्लास्टिकची असेल तर हे तेल वापरू नये, कारण खनिज तेलाने काही प्लास्टिकला सूक्ष्म चिरा जातात. प्लास्टिकच्या लाइनवर आगीची ज्योत तर मुळीच नको.

कॉक फिरवताना भिंतीतला पाइपच फिरतो आहे, किंवा तुकडा आत मोडून राहिला. आता काय करावे?

पाइप फिरताना जाणवला की तिथेच थांबावे. भिंतीच्या आतला सांधा सैल झाला तर त्याची गळती दिसत नाही आणि ती दुरुस्त करण्यासाठी भिंत फोडावी लागते. फिरणारा पाइप भक्कम धरता येत नसेल, तर हे काम अनुभवी प्लंबरकडे द्यावे; इथे थांबण्यात कमीपणा नाही, उलट मोठा खर्च वाचतो. आत मोडलेला निपलचा तुकडा काढण्यासाठी उलट्या आट्यांचे निमुळते एक्स्ट्रॅक्टर मिळते. ते तुकड्यात हलकेच ठोकून काढण्याच्या दिशेने फिरवले की तुकड्याला पकड मिळते. छिन्नीने तुकडा फोडायला गेल्यास एल्बोचे आटे बिघडण्याची शक्यता जास्त.

टेफ्लॉन टेप कोणत्या दिशेने आणि किती गुंडाळावी?

आधी भिंतीतले आटे तारेच्या ब्रशने आणि कोरड्या कापडाने स्वच्छ करावेत. जुन्या टेपचे, धाग्याचे आणि सफेद्याचे अवशेष राहिले तर नवी टेप त्यांच्यावरून घसरते. मग नव्या कॉकच्या बाहेरच्या आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे कॉक आवळताना ती अधिक घट्ट होते. उलट गुंडाळलेली टेप आवळताना उलगडत गुंडाळी होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडावा, त्यामुळे सुरुवात वाकडी होत नाही आणि टेपचे तुकडे पाण्याच्या मार्गात शिरत नाहीत. टेप ताणून, आट्यांचा उठाव वरून दिसेल इतकी घट्ट बसवावी.

वेढ्यांची संख्या आट्यांच्या ढिलाईवर अवलंबून असते. निमुळत्या, घट्ट आट्यांना चार-पाच वेढे पुरतात; सरळ आणि सैल आट्यांना पातळ टेपचे आठ-दहा वेढेही लागतात. कॉक हाताने दोन-तीन फेरे सहज शिरावा आणि त्यानंतर स्पष्टपणे जड व्हावा, ही माझ्या दृष्टीने खरी कसोटी आहे. शेवटपर्यंत हातानेच गेला तर टेप कमी आहे. सुरुवातीलाच अडला तर टेप जास्त आहे किंवा आटे तिरपे लागले आहेत, आणि तिरप्या आट्यांवर पाना लावणे म्हणजे एल्बो कायमचा बिघडवणे होय.

कनेक्शन पाइपच्या नटावर मात्र टेप लावू नये. तिथे पाणी रबरी वॉशरच्या दाबाने थांबते, आट्यांनी नव्हे. टेपमुळे नट पुरता बसत नाही आणि उलट गळती निर्माण होते.

कॉक घट्ट झाला, पण त्याचे तोंड वर न येता बाजूला राहते.

पुढे थोडे फिरवून तोंड योग्य जागी येत असेल आणि जोर बेताचा लागत असेल, तर पुढेच न्यावे. मागे फिरवून जागेवर आणू नये, कारण दबलेली टेप मागे वळताना सुटते आणि सांधा पाझरतो. पुढे जाणे शक्य नसेल तर कॉक पूर्ण बाहेर काढावा, जुनी टेप काढून टाकावी आणि एक-दोन वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवावा. भिंतीकडची गोल चकती कॉक बसवण्याआधीच त्यावर चढवायची असते, हे बऱ्याचदा या टप्प्यावर आठवते.

माझ्या लाइनला आटेच नाहीत. कॉक तांब्याच्या गुळगुळीत पाइपवर बसला आहे.

तो दाबजोडाचा कॉक आहे. त्यात नट आवळल्यावर पितळी रिंग पाइपवर दाबली जाते आणि पाणी थांबते. जुनी रिंग पाइपमध्ये रुतलेली असते. ती आणि तिचा नट चांगल्या स्थितीत असतील आणि नव्या कॉकशी मापाने जुळत असतील, तर काही वेळा तशाच वापरता येतात. नसल्यास रिंग ओढून काढण्याचे अवजार वापरावे किंवा पाइप पुरेसा लांब असल्यास रिंगच्या मागे सरळ कापावा. या जोडात आट्यांना टेप लागत नाही.

जुना कनेक्शन पाइप पुन्हा वापरावा का?

कॉक बदलतानाच तोही बदलावा असे मी आग्रहाने सांगेन. बाहेरची स्टीलची जाळी चांगली दिसली तरी आतली रबरी नळी कडक झालेली असू शकते, आणि नट सोडवून पुन्हा आवळल्यावर जुना वॉशर पूर्वीसारखा बसत नाही. जाळीवर गंजाचे ठिपके किंवा तुटलेल्या तारा दिसल्या, तर विचार करण्यासारखे काही उरतच नाही. नवा पाइप ताणलेला किंवा मुडपलेला राहणार नाही इतक्या लांबीचा घ्यावा. नट हाताने पूर्ण बसवून पान्याने पाव ते अर्धा फेरा आवळावा.

काम झाल्यावर तपासणी कशी करावी?

नळाला पाइप जोडण्याआधी त्याचे मोकळे टोक बादलीत धरून मुख्य व्हॉल्व्ह आणि मग कॉक उघडावा आणि थोडे पाणी वाहू द्यावे, म्हणजे लाइनमध्ये सुटलेला गंज आणि टेपचे कण नळात न जाता बाहेर पडतील. मग कॉक बंद करून पाइप नळाला जोडावा आणि कॉक पुन्हा उघडावा. मुख्य व्हॉल्व्ह उघडताना तो हळूहळूच उघडावा. एकदम उघडल्यास हवा आणि पाणी यांचे धक्के बसतात. प्रत्येक सांधा पुसून कागद टेकवावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पाहावे. थेट जोडणीच्या लाइनमध्ये रात्री वापर घटल्यावर दाब बहुधा वाढतो, आणि दिवसा कोरडा राहिलेला सांधा तेव्हा पाझरू शकतो. शेवटी नवा कॉक बंद करून, नळ उघडा ठेवून, पाणी पूर्ण थांबते का हेही तपासावे.

कॉक बदलल्यापासून नळाला पाणी कमी येते.

बहुतेक वेळा नळाच्या तोंडाच्या जाळीत कण अडकलेले असतात. ती काढून धुवावी. तरीही फरक पडला नाही तर कॉक पूर्ण उघडा आहे का आणि कनेक्शन पाइप कुठे मुडपला आहे का, ते पाहावे.

नवा कॉक पुढे अडकू नये म्हणून काय करावे?

दर तीन-चार महिन्यांनी तो एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. पाव फेऱ्याचा कॉक अर्धवट उघडा ठेवून पाण्याचा वेग कमी करण्यासाठी वापरू नये, कारण अरुंद फटीतून जाणारे वेगवान पाणी त्याची बैठक झिजवते. अनेक फेऱ्यांचा कॉक बंद करताना पाणी थांबले की हातही थांबवावा. त्यापुढचा जोर वॉशर कापतो. सिंकखालच्या कपाटात सामान ठेवताना कॉकच्या मुठीपर्यंत हात सरळ पोहोचेल एवढी जागा मोकळी ठेवावी.